तळ्यातला देव

उरणच्या पूर्वेस खाडी ओलांडून डोंगराच्या पायथ्याकडे निघाले म्हणजे चिरनेर हे गाव लागते. तेथील महागणपतीचे देऊळ साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. संकष्टीला आणि माघातल्या चतुर्थीला तेथे रीघ लागते. पनवेलची, मुंबईची माणसेही मुद्दाम येतात. देऊळ जुने, दगडी; मूर्ती भव्य, शेंदराने माखलेली; जवळच तळे. कोकणात अशी देवळे थोडी नाहीत. परंतु या मूर्तीची म्हणून जी कथा गावात सांगतात, ती ऐकल्यापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही. कथा अशी: पोर्तुगीजांचा अंमल या बाजूला बसला आणि देवळे मोडली जात असल्याच्या बातम्या कानांवर येऊ लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी गणपतीची मूर्ती उचलून तळ्यात बुडवली. पिढ्यामागून पिढ्या गेल्या. पुढे पेशवाईत एका सुभेदाराला स्वप्नात दृष्टांत झाला, त्याने तळ्यातून मूर्ती वर काढवली आणि आजचे देऊळ बांधले.

कथा एवढीच. तिच्यात चमत्कार म्हणावा असा एक दृष्टांत सोडला तर काही नाही. देव तळ्यातून आपण होऊन वर आला नाही, शत्रू आंधळा झाला नाही, मूर्तीला हात लावणाऱ्याचा हात झडला नाही. माणसांनी देव बुडवला आणि माणसांनीच तो काढला. माझ्या मनात प्रश्न येतो तो या पहिल्या माणसांविषयी. ज्याच्यावर संकटात भरवसा ठेवायचा, त्यालाच संकटातून वाचवण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या श्रद्धेला काय म्हणावे? विघ्नहर्ता म्हणून ज्याला हात जोडले त्याच्यावरच विघ्न आले, आणि ते हरण करायला निघाले ते गावचे चार-सहा शेतकरी, तेही रात्री, दबक्या आवाजात! एखादा नास्तिक येथे हसेल. मला मात्र हसू येत नाही.

त्या काळाचा नकाशा थोडा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला तो १५३४ साली. त्यात उरणचे बेट, म्हणजे त्या वेळच्या कागदांतले ‘करंजा’ही गेले. तेथे त्यांनी ठाणे बसवले; द्रोणागिरीच्या डोंगरावर त्यांच्या इमारतींचे अवशेष अजून सापडतात. चिरनेर हे त्या बेटावर नाही, खाडीच्या अलीकडे आहे. राज्य पलीकडे होते. भीती तेवढी खाडी ओलांडून आली असावी. भीतीला जकातनाके नसतात. गोव्यात काय चालले आहे याची वार्ता गलबतांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत होती. १५६० च्या आगेमागे कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. १५६७ साली साष्टीतल्या देवळांचा विध्वंस झाला. दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ गेले, पण लिंग नदीपलीकडे नार्व्याला पोचले, आणि तेथे शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचे देऊळ बांधवले. आमच्या पंढरीच्या विठोबालाही हा वनवास चुकला नाही. त्याला विजयनगरास नेले होते आणि तेथून भानुदासांनी परत आणले, असे परंपरा सांगते.

म्हणजे देवाने पळून जाणे ही या मुलखात नवलाची गोष्ट नव्हती. पण गोव्याच्या देवांना एक सोय होती. नदीपलीकडे दुसरा राजा होता. फोंड्याकडे आदिलशाही होती, तेथे देव नेला की तो उजळ माथ्याने बसत होता, त्याची पूजा चालत होती, भक्त होडीत बसून दर्शनाला जात होते. चिरनेरकरांनी देवाला दुसऱ्या गावी नेले नाही. का नेले नाही, याचे माझे साधे उत्तर असे की मूर्ती फार जड होती. मोठमोठ्या ऐतिहासिक निर्णयांच्या मुळाशी पुष्कळदा असलेच एखादे कारण असते. पण त्याचा परिणाम असा झाला, की त्यांना पूजाच थांबवावी लागली. पालखी नाही, नैवेद्य नाही, आरती नाही. तळ्यात गुरे पाण्यावर येत असतील, बायका हंडे भरत असतील, पोरे डुंबत असतील, आणि खाली चिखलात देव.

आपण दर भाद्रपदात गणपती पाण्यात सोडतो आणि पुढल्या वर्षी लवकर ये म्हणून त्याला बजावतो. चिरनेरच्या विसर्जनात ते ‘पुढले वर्ष’ उगवायला, कथा खरी मानली, तर दीडशे-दोनशे वर्षे लागली. ज्यांनी मूर्ती बुडवली त्यांच्यापैकी एकालाही ती पुन्हा पाहता आली नाही. त्यांच्या मुलांनाही नाही, नातवंडांनाही नाही.

येथे एक गोष्ट मला सुचवावीशी वाटते. दृष्टांत सुभेदाराला झाला हे ठीक. परंतु त्या तळ्याची खबर गावाला खरोखरच नव्हती काय? सहा-सात पिढ्या एक अख्खा गाव ज्या तळ्याचे पाणी पितो, त्याच्या तळाशी काय आहे हे कोणीच कोणाला सांगितले नसेल, हे संभवत नाही. कोणा आजीने नातवाच्या कानात सांगितले असेल. मरणाऱ्या बापाने मुलाला सांगितले असेल. बोलायचे नाही, पण विसरायचेही नाही. आणि मग जेव्हा चिमाजी अप्पांच्या मोहिमेने १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, किनारा मोकळा झाला, देव बाहेर काढावा असे दिवस आले, तेव्हा हे गुपित उघड करायचे कसे? मी सांगतो म्हणून तळे उपसा, असे एखादा कुणबी किंवा आगरी सुभेदाराला सांगू शकत नव्हता. देवाने सांगितले म्हणजे सुभेदारालाही ऐकणे भाग. आपल्याकडे जमिनीतून, विहिरीतून, वारुळातून मूर्ती निघाल्याच्या ज्या शेकडो कथा आहेत, त्यांतल्या पुष्कळ दृष्टांतांमागे गावाने जिवापाड जपलेली अशी कुजबूज असली पाहिजे, असे मला वाटते. हे अर्थात अनुमान आहे. भाविकांनी माझ्यावर रागावू नये. दृष्टांतापेक्षा ही कुजबूज मला कमी पवित्र वाटत नाही.

पाण्यात बुडालेले आणि वर आलेले म्हटले की आपल्याला देहू आठवते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ते तेरा दिवस काठावर अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वह्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची परंपरा आहे. पण तुकोबांचे ते धरणे होते. समोर देव, इकडे भक्त, मध्ये नदी. आणि भक्त उत्तर मिळाल्यावाचून उठणार नाही. चिरनेरच्या माणसांनी देवाशी असा वाद घातला नाही. त्यांना घरी जायचे होते, दुसऱ्या दिवशी नांगर धरायचा होता. त्यांनी देवाकडे उत्तर मागितलेच नाही. ज्याला नवस म्हणतात तो सौदा असतो: अमुक कर, मी तमुक देईन. आणि त्यात वाईट काही नाही, गरिबाला सौदा करण्याजोगा दुसरा धनी भेटतो कुठे? पण तळ्याकाठच्या त्या रात्री सौदा करण्यासारखे कोणाच्याच हाती काही नव्हते. भीती होती, ती लपवण्याचेही कारण नव्हते. भीती नसती तर मूर्ती बुडवलीच नसती. भीती आणि भरवसा ही दोन्ही त्या एकाच मूर्तीला एकाच वेळी खांदा देत होती.

जो देव उचलता येत नाही त्याचे काय होते, तेही याच तालुक्यात पाहता येते. मोऱ्याच्या बंदरावरून समोर घारापुरीचे बेट दिसते. तेथली लेणी साधारणपणे सहाव्या शतकातली. त्रिमूर्ती म्हणून आपण ज्याला ओळखतो तो सदाशिव सुमारे अठरा फूट उंच आणि डोंगराच्याच अंगाचा. त्याला कोण कुठे नेणार? पोर्तुगीज आले आणि तो जेथे होता तेथेच राहिला. गार्सिया द ओर्ता या त्यांच्याच वैद्याने १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गुराढोरांनी लेण्यांची नासधूस केल्याचे लिहिले आहे. नंतरच्या लेखकांनी सैनिकांच्या बंदुकांना दोष दिला. तेथला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, कारण इकडे तो कोणाला वाचता येईना; तो पुढे हरवला, आणि लेणी कोणी कोरवली हे सांगणारा बहुधा एकमेव साक्षीदार त्याबरोबर गेला. द्वारपालांचे पाय तुटले, शिवाचे हात तुटले. आज परदेशी प्रवासी तेथे कलेचे दर्शन घेतात. १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात ते स्थान आहे. पण महाशिवरात्रीला जाऊन पाहा. उरणकडून, मुंबईकडून होड्या भरभरून माणसे येतात, आणि ती कला पाहायला येत नाहीत. एवढी मोडतोड सोसलेल्या देवाला बेल वाहताना कोणाच्या मनात शंका आल्याचे मला तरी दिसले नाही.

हेही सांगितले पाहिजे की भय एकाच बाजूला होते असे नव्हे. उरणात ख्रिस्ती वस्ती आजही आहे, आणि तिची मराठी आपल्यापेक्षा फारशी निराळी नाही. त्या लोकांच्या पूर्वजांनी देव बदलला तो कोणी धाकाने, कोणी लोभाने, कोणी मनापासून. पण दोनशे वर्षांनी वसई पडली तेव्हा त्यांच्या नातवंडांच्या पोटातही गोळा आला असेल. चर्चांच्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर एक टांगली आहे, भीमाशंकरला एक आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. आपण त्या विजयाची निशाणी म्हणून कौतुकाने पाहतो. घंटा नसलेल्या चर्चमध्ये दुसऱ्या रविवारी कोण कोण आले असेल, हा विचार मी भीमाशंकरला उभा असताना माझ्या मनात आला आणि मग तो गेला नाही.

असो. चिरनेरच्या महागणपतीची कथा पेशवाईतच संपली असती तर तिला मी दंतकथा म्हणून बाजूला ठेवले असते. पण १९३० साली त्याच देवळाच्या दारात इतिहासाने पुन्हा येऊन बसावे, असा योग होता.

त्या वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला, पावसाळा आला आणि मिठागरे बंद पडली. मग काँग्रेसने महाराष्ट्रात जंगलचे कायदे मोडायचे ठरवले. जुलै महिन्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून आरंभ केला. कुलाबा जिल्ह्यात ही चळवळ नुसती वरून आलेली नव्हती. इकडची भातशेती राबावर चाले. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर देऊन ते भाजायचे. तेथे रोप तयार करायचे आणि मग ते खणाखणांत लावायचे. टहाळ जंगलातून येणार, आणि जंगल सरकारचे. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचा हा आक्रोश इतका जुना होता की १८८० नंतरच्या दशकात सरकारला त्याच्यासाठी एक कमिशन नेमावे लागले होते. कमिशने येतात आणि जातात. १९२७ चा कायदा आला आणि गार्डाचा दंडुका होता तेथेच राहिला. कातकऱ्याची मोळी, आगऱ्याचा राब, कोळ्याच्या होडीचे लाकूड, सगळेच त्या दंडुक्याखाली.

२५ सप्टेंबर १९३०, गुरुवार. पंचांग काढून पाहिले तर त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या २२ तारखेला होती. म्हणजे नुकतेच नवरात्र बसलेले, घरोघर घट मांडलेले. आणि सत्याग्रहाची जागा होती अक्कादेवीच्या डोंगरावरची. हा दिवस पुढाऱ्यांनी तिथी पाहून धरला होता की नाही, या भानगडीत मी पडत नाही. पण कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसांच्या मनात आपण देवीच्या रानात चाललो आहो आणि हे दिवस देवीचे आहेत हे नसेल, असे कोण म्हणेल? आजूबाजूच्या गावांतून लोक आले होते. सामोरे हत्यारबंद पोलीस, जंगलखात्याचे लोक आणि पनवेलचे मामलेदार जोशी. झाडांवर घाव पडू लागले, धरपकड झाली, झटापट झाली आणि गोळीबार झाला. आठ माणसे गेली. धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी हे चिरनेरचे. रामा बामा कोळी मोठ्या जुईचे. आनंदा माया पाटील धाकट्या जुईचे. रघुनाथ न्हावी कोप्रोलीचे. हसुराम बुध्या घरत खोपट्याचे. परशुराम रामा पाटील पाणदिव्याचे. आलू बेमट्या म्हात्रे दिघोड्याचे. नुसती नावे वाचली तरी या खाडीकाठी कोण कोण राहते ते कळते. सरकारी बाजूचीही माणसे मेली. त्यांत मामलेदार स्वतः होते, आणि त्यांचा अंत कसा झाला याची गावातली हकीकत आणि सरकारी हकीकत एक नाही.

गावात असे सांगतात की पकडलेल्या सत्याग्रहींना डांबायला जागा नव्हती, म्हणून पोलिसांनी महागणपतीच्या देवळाचाच तुरुंग केला. देवळाच्या लोखंडी गजावर त्या वेळच्या गोळीची खूण आहे, ती दाखवतात. मी प्रथम गेलो तेव्हा मलाही दाखवली. बोट लावून पाहावे एवढी ती लहान आहे. तीत सत्य किती याचा न्यायनिवाडा करण्याची मला गरज वाटली नाही. माझ्या मनात दुसराच विचार घोळत होता. पोलिसांत, जंगलरक्षकांत बहुतेक इकडचीच माणसे असणार. बंदूक धरणारा आणि दोरीने बांधलेला, दोघांनीही लहानपणी याच गणपतीपुढे नारळ फोडला असण्याचा संभव आहे. आत गेलेल्यांनी त्या रात्री काय मागितले असेल? आणि बाहेर पहारा करणाऱ्यांनी? ज्या देवाला एकदा गावाने भीतीपोटी पाण्यात दडवले, तोच आता दडलेल्या माणसांबरोबर कोंडला गेला होता. तो त्यांना सोडवू शकला नाही. निदान सोडवणूक तेथून झाली नाही. झाली ती ठाण्याच्या सेशन्स कोर्टात, वकिलांच्या हातून, आणि तीही सर्वांची नाही. बचावाच्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्यांनी त्याच वर्षी नाशिकला काळारामाच्या दारावर सत्याग्रह उभा केला होता, आणि ज्यांना ते दार उघडले गेले नाही, ते देवळात कोंडल्या गेलेल्यांची बाजू मांडायला उभे राहिले. कोणी देवळाबाहेर अडवलेले, कोणी देवळात अडकवलेले! त्या वर्षाचा महाराष्ट्र ज्याला समजून घ्यायचा असेल, त्याने ही दोन दारे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत.

देव तेथे असताना गोळी लागली कशी, हा प्रश्न चिरनेरमध्ये कोणी विचारला असेल का? विचारला असलाच पाहिजे. आठ घरांत तरी विचारला असेल. घट बसलेल्या घरातून गेलेला माणूस दसऱ्याला परत आला नाही, त्या घरातल्या बाईने देवीकडे पाहून काय म्हटले असेल ते कागदावर आणण्याचे धैर्य मला नाही. एवढेच दिसते, की देऊळ ओस पडले नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांनी देवाला वाळीत टाकले नाही. आपल्याकडचे शहाणे लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला वाटते, गावाला देवाविषयी त्या शहाण्यांपेक्षा जास्त माहिती होती. हा देव चिखलात पडून राहिला होता हे त्यांना ठाऊक होते. त्याच्याकडून तोफ अडवण्याची अपेक्षा त्यांच्या पूर्वजांनीही केली नव्हती. त्याने असावे, आणि आपण गेल्यावरही असावे, एवढीच केली होती.

त्यानंतर उरणवर आणखी पुष्कळ आले. १९८४ च्या जानेवारीत बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी गेल्या त्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा पाचजण गेले. बंदर १९८९ साली सुरू झाले. मिठागरांवर डबे रचले गेले, भाताची खाचरे भरावाखाली गेली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीचा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत आगगाडीही आली. खाडीतल्या मासळीचे काय होणार, उरलेल्या शेताचे काय होणार, हे विचारायला आता कोळी आणि आगरी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जातात, कोर्टात जातात, आणि जाण्यापूर्वी महागणपतीला नारळ देऊन जातात. निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी संकष्टीची रांग कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांचा स्मृतिदिन होतो. स्तंभाला पुष्पचक्रे वाहतात, पुढारी भाषणे करतात, ती लांबतात. पोलिसांची तुकडी रांगेत उभी राहून बंदुकांच्या फैरी हवेत झाडते. आवाज झाला की झाडावरची पाखरे उडतात, पोरे कान झाकतात, आणि रिकामी काडतुसे वेचायला धावतात. मग गर्दी पांगते. काहीजण जेवायला घरी जातात, बाकीचे पायांतली पायताणे काढून देवळात शिरतात.